ओव्याच्या तेलाची जंतुरोधक ताकद कशी मोजावी: प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी कोणीतरी पेट्री प्लेट हातात धरून धावत येतं. "मॅडम, ३० मिलिमीटरचा झोन आला! जेंटामायसिनपेक्षा मोठा!" चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो आणि झोन, म्हणजे तेलाभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल, तोही खराच असतो. पण ओव्याचं तेल जेंटामायसिन या अँटिबायोटिकपेक्षा जबरदस्त आहे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. तो चुकतो कुठे आणि बरोबर आकडा मिळवायचा कसा, हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की आता एकदा नीट कागदावर मांडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही आणि उघडं ठेवलं की हवेत उडून जातं. अँटिबायोटिक तपासायच्या आपल्या सगळ्या पद्धती पाण्यात विरघळणाऱ्या आणि जागच्या जागी राहणाऱ्या औषधांसाठी बनल्या आहेत. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे: तेल इथे नीट मिसळलंय का? आणि तेल इथून उडून दुसरीकडे जातंय का?

ओवाच का

पोट दुखलं की ओवा-मीठ चावायला देणारी आजी, बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी, सर्दीत तव्यावर गरम करून छाती शेकायची ओव्याची पुरचुंडी. हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. या सगळ्याच्या मुळाशी थायमॉल नावाचा, फिनॉल वर्गातला पदार्थ आहे. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं आणि त्या तेलाचा बराच मोठा वाटा, बहुधा ३५ ते ६० टक्के, थायमॉलचा असतो. बाकीचं मुख्यतः गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन. थायमॉल पहिल्यांदा वेगळं केलं ते १७१९ साली कास्पार नॉयमान यांनी, तेही थाइम या युरोपीय वनस्पतीतून. पहिल्या महायुद्धाआधी मात्र आपला ओवा जहाजात भरून जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई.

बाजारात जे 'ओव्याचं फूल' म्हणून मिळतं ते फूल नव्हेच, ते थायमॉलचे स्फटिक. घरी अमृतधारा केली असेल तर तुम्ही ते पाहिलंय. ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे पदार्थ बाटलीत एकत्र टाकले की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचं पातळ द्रव होतं. पुढे शीतकपाटाचा विषय येईल तेव्हा हे स्फटिक लक्षात ठेवा.

पायरी १: ओवा म्हणजे नक्की कोणता

'ओवा' नावाखाली चार वेगळ्या वनस्पती फिरतात. आपल्याला हवा तो मसाल्याचा ओवा, ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला. कुंडीत लावतो आणि ज्याच्या जाड लवदार पानांची भजी करतो, तो पानओवा तुळशीच्या कुळातला. वास सारखा, वनस्पती अगदी वेगळी. किरमाणी ओवा आणखी वेगळा. आणि खुरासनी ओवा तर विषारी आहे, धोतऱ्याच्या नात्यातला. म्हणून दुकानातून पाव किलो ओवा आणून थेट कामाला लागू नका. नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून ओळखून घ्या. मिळालेला क्रमांक वहीत पहिल्या पानावर लिहा. कुठून आणला, कोणत्या महिन्यात, किती जुना, हेही लिहा. राजस्थान-गुजरातचा ओवा आणि तुमच्या मामाच्या शेतातला ओवा यांच्या तेलात थायमॉलचं प्रमाण एकच असेल असं गृहीत धरता येत नाही.

पायरी २: तेल काढणं

क्लेव्हेंजर उपकरण वापरा, म्हणजे वाफेबरोबर निघालेलं तेल थंड करून बाजूच्या नळीत साठवणारं काचेचं उपकरण. जोसेफ क्लेव्हेंजर यांनी ते १९२८ साली मांडलं आणि अजून त्याच्याइतकं सोपं काही आलेलं नाही. त्याचे दोन प्रकार मिळतात, पाण्यापेक्षा हलक्या तेलांसाठी एक आणि जड तेलांसाठी दुसरा. ओव्याचं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून हलक्याचा घ्यायचा. लवंगेचं तेल बुडतं. कपाटातून चुकीचा प्रकार निघाला तर तीन तास उकळूनही नळीत काही साठत नाही.

५० ग्रॅम ओवा खलबत्त्यात फक्त भरडायचा. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटला, पुरे. तेल दाण्याच्या आतल्या बारीक नलिकांत असतं. त्या उघडल्या गेल्या पाहिजेत, पण मिक्सरमध्ये पीठ केलंत तर भांडं गरम होऊन निम्मा वास स्वयंपाकघरातच राहतो. भरडल्यावर लगेच फ्लास्कमध्ये घाला. उद्यासाठी भरडून ठेवणं म्हणजे तेल हवेला देणं.

एक लिटरच्या फ्लास्कमध्ये भरड आणि ५०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, सोबत चार-पाच चिनी मातीचे तुकडे. यापेक्षा जास्त भरू नका, ओवा फेसाळतो आणि फेस वर चढला की नळीत गाळ येतो. बाजूच्या अंशांकित नळीत आधीच पाणी भरून घ्या. फ्लास्कखालची विजेची शेगडी, म्हणजे मँटल, चालू करून मंद, सतत उकळी ठेवा. ३ ते ४ तास लागतात. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नळाचं साधं पाणी सोडा. बर्फाचं पाणी सोडण्याचा मोह होतो, पण थायमॉल सुमारे ५० अंशांना वितळणारा घन पदार्थ आहे. फार थंड भिंतीवर तो गोठून चिकटू शकतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो. थायमॉल २३२ अंशांना उकळतं, मग ते १०० अंशांच्या आत बाहेर कसं येतं? पाणी आणि तेल एकमेकांत विरघळत नसल्यामुळे दोघांचा बाष्पदाब स्वतंत्रपणे मोजला जातो आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की उकळी फुटते. त्यामुळे तेल पाण्याच्या वाफेबरोबर, त्याच्या स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी खाली, निघून येतं. नळीतलं पाणी परत फ्लास्कमध्ये जाणंही महत्त्वाचं, कारण थायमॉल पाण्यात थोडंसं विरघळतं, लिटरला साधारण एक ग्रॅम. ओव्याचा अर्क म्हणून जे मिळतं ते असंच पाणी. ते फेकलं की तेवढं थायमॉल गेलं.

उष्णता बंद केल्यावर अर्धा तास थांबा, मग नळीवरचा आकडा वाचा. समजा १.६ मिलि तेल आलं. १.६ भागिले ५० गुणिले १०० म्हणजे ३.२ टक्के. तेल छोट्या कुपीत घेऊन त्यात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाका. ते उरलंसुरलं पाणी शोषतं. मग स्वच्छ गडद काचेच्या कुपीत, शक्यतो गळ्यापर्यंत भरून, घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवा. अर्धी रिकामी कुपी नको. वरच्या हवेने आणि उजेडाने गॅमा-टर्पिनीन हळूहळू पॅरा-सायमीनमध्ये बदलतं आणि चार महिन्यांनी तुमच्या हातात वेगळंच तेल असतं.

शीतकपाटातली कुपी

आता ते स्फटिक. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचे डिसेंबरचे आकडे छान जुळत होते आणि जानेवारीत अचानक तेलाची ताकद निम्म्यावर आली. जंतू तेच, त्यांना वाढवायचा पातळ पोषक द्रव, म्हणजे ब्रॉथ, तोच. दोन आठवडे आम्ही पिपेटला, इन्क्युबेटरला, पाण्याला दोष देत राहिलो. शेवटी तिने कुपी उजेडासमोर तिरपी धरली. तळाशी काचेच्या किसासारखे पांढरे लांबट स्फटिक साचले होते. थंडीत थायमॉल खाली बसलं होतं आणि ती रोज वरचं, थायमॉल कमी झालेलं तेल उचलत होती. चूक माझीही होती, मी तिला आधी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. कुपी बाहेर काढली की झाकण घट्ट ठेवून कोमट पाण्यात, ४५-५० अंशांवर, स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत ठेवायची. उलटसुलट करून मिसळायची आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर लगेच माप घ्यायचं. सुरुवातीलाच तेलाचे छोटे भाग करून ठेवले तर आणखी बरं.

जमलं तर तेलाचं जीसी-एमएस, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत ते सांगणारी चाचणी, करून घ्या. आयआयटी मुंबईच्या 'साइफ' केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने घेतात. त्याशिवाय तुमचा निष्कर्ष 'एका कुपीतलं एक तेल' एवढ्यापुरताच राहतो.

पायरी ३: जंतू

घशातून किंवा नाल्यातून वेगळे केलेले जंतू या कामाला नकोत. चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जंतू-संग्रहांकडून प्रमाणित कल्चर, म्हणजे ओळख पटलेले जंतू, मागवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि कँडिडा अल्बिकन्स हा चौघांचा संच पुरेसा बोलका आहे. कँडिडा ही बुरशी, तिच्यासाठी माध्यम आणि पेशींची संख्या वेगळी लागते. पुढे मी दिलेले आकडे जीवाणूंचे आहेत.

ही निवड हवेतली नाही. थायमॉल पेशीच्या पटलात घुसतं आणि ते गळकं करतं, आतलं पोटॅशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बाहेर झिरपतं. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूला बाहेरचं दुसरं पटल नसतं, म्हणून तो लवकर बळी पडतो. ई. कोलायला ते असतं. स्यूडोमोनासकडे त्यावर आत आलेलं बाहेर ढकलणारे पंपही असतात, त्यामुळे तो बहुतेक तेलांना दाद देत नाही. तुमच्या तेलाने स्यूडोमोनास सगळ्यात सहज मेला असं दिसलं तर खूश होण्याआधी कल्चर शुद्ध आहे का ते तपासा.

हे जंतू माणसाला आजारी पाडणारे आहेत. काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून, आणि तोंडाने पिपेट कधीही नाही.

ताज्या, रात्रभर वाढलेल्या कॉलनीपासून सलाइनमध्ये गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला, आणा. हे प्रमाण घरचं करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं ०.०५ मिलि आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचं ९.९५ मिलि. कल्चरचा गढूळपणा याच्याइतका झाला म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जीवाणू. ६२५ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. तयार केल्यापासून १५ मिनिटांत वापरा.

पायरी ४: डिस्क, आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची

म्युलर-हिंटन अगार, म्हणजे जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, ४ मिलिमीटर जाडीचा ओता. जाड प्लेटमध्ये झोन लहान येतो, पातळमध्ये मोठा. कल्चरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, म्हणजे स्वॅब, नळीच्या कडेला दाबून जादा पाणी काढा, अगारवर तीन दिशांनी फिरवा. ६ मिलिमीटरच्या निर्जंतुक कागदी चकतीवर, म्हणजे डिस्कवर, १० मायक्रोलिटर तेल टाका. प्लेट पॅराफिल्मने बंद करून ३५ अंशांवर १६ ते १८ तास.

एका प्लेटवर तेलाची एकच डिस्क. अँटिबायोटिकची डिस्क वेगळ्या प्लेटवर. ओव्याची वाफ झाकणाखाली कोंडते आणि अख्ख्या अगारवर उतरते. शेजारच्या जेंटामायसिनचा झोनही त्यामुळे फुगतो. हे स्वतः पाहायचं असेल तर डिस्क अगारवर न ठेवता उलट्या प्लेटच्या झाकणात मधोमध ठेवा. तेलाचा अगारला स्पर्शही होत नाही आणि तरी मधला गोल स्वच्छ राहतो. प्रत्येक तुकडीला मी हे एकदा करायला लावते, कारण ३० मिलिमीटरच्या झोनमध्ये वाफेचा वाटा किती, हे नंतर समजवावं लागत नाही.

पद्धत बरोबर चालली आहे का, याची खूण म्हणजे ई. कोलायचा प्रमाणित २५९२२ हा स्ट्रेन आणि १० मायक्रोग्रॅमची जेंटामायसिन डिस्क. झोन १९ ते २६ मिलिमीटरच्या आत यायलाच हवा. बाहेर गेला तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाजूला ठेवा.

आणि 'ई. कोलाय ओव्याच्या तेलाला संवेदनशील आहे' असं लिहू नका. संवेदनशील की प्रतिरोधक हे ठरवणाऱ्या मर्यादा अँटिबायोटिकसाठी आहेत, सुगंधी तेलांसाठी कोणीही ठरवलेल्या नाहीत. डिस्कवरून 'तेल काहीतरी करतं' एवढंच कळतं. किती, ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: किमान रोधक प्रमाण, म्हणजे एमआयसी

सगळा वेळ इथे घालवा. जंतूची वाढ थांबवणारं तेलाचं सगळ्यात कमी प्रमाण शोधायचं आहे.

तेल मायक्रोलिटरमध्ये मोजू नका, वजन करा. ८० मिलिग्रॅम तेल काचेच्या कुपीत घ्या, तेल विरघळवणारं २०० मायक्रोलिटर डीएमएसओ घालून हलवा, मग तेल-पाणी एकत्र धरणारं थोडंसं ट्वीन ८० घातलेला म्युलर-हिंटन ब्रॉथ हळूहळू घालत १० मिलिपर्यंत न्या. व्हॉर्टेक्स या घुसळणाऱ्या यंत्रावर दुधाळ, एकसारखं मिश्रण व्हायला हवं. वर तेलाची तवंग दिसली तर पुन्हा हलवा. हा झाला मिलिलिटरला ८ मिलिग्रॅमचा स्टॉक. ट्वीन हात सैल सोडून घालू नका. ते तेलाचे थेंब स्वतःत धरून ठेवतं आणि जंतूपर्यंत पोहोचू देत नाही, मग तेल आहे त्यापेक्षा दुबळं दिसतं.

९६ खळ्यांची प्लेट घ्या, पण पॉलिप्रॉपिलीनची. नेहमीची पारदर्शक पॉलिस्टायरीनची प्लेट जास्त तेलाने धुरकट होते. दुसऱ्या ते दहाव्या खळ्यात १०० मायक्रोलिटर ब्रॉथ. पहिल्यात २०० मायक्रोलिटर स्टॉक. पहिल्यातून १०० उचलून दुसऱ्यात, मिसळून तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत, आणि दहाव्यातलं १०० फेकून द्यायचं. दर वेळी टिप बदला, तेल टिपच्या भिंतीला धरून पुढे जातं.

आता ०.५ मॅकफार्लंडचं कल्चर ब्रॉथमध्ये १:१५० पातळ करून दहाही खळ्यांत १०० मायक्रोलिटर घाला. मिलिलिटरला ५ लाख जीवाणू झाले आणि तेल निम्मं झालं: पहिल्या खळ्यात ४ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २, मग १, ०.५, ०.२५, असं उतरत. अकरावं खळं फक्त जंतू आणि ब्रॉथ, बारावं नुसता ब्रॉथ. डीएमएसओ आणि ट्वीनची, तेल वगळून, तेवढ्याच प्रमाणात वेगळी ओळ लावायलाच हवी. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे.

वाफ इथेही आहे. दोन ओळींमध्ये एक ओळ रिकामी सोडा, प्लेट चिकटपट्टीच्या फिल्मने बंद करा आणि जेंटामायसिन दुसऱ्या प्लेटवर लावा. एकदा आमच्या प्लेटमध्ये तेल न घातलेल्या खळ्यातही जंतू वाढला नव्हता. कल्चर मेलं असं वाटलं होतं. शेजारच्या ओळीतलं ४ मिलिग्रॅमचं खळं कारणीभूत होतं.

३५ अंशांवर १६ ते २० तास. पहिली दोन-तीन खळी मिश्रणामुळेच दुधाळ असतात, त्यामुळे गढूळ की स्वच्छ ते डोळ्यांनी कळत नाही. रेझाझुरिन या निळ्या रंगाच्या ०.०१५ टक्के द्रावणाचे ३० मायक्रोलिटर प्रत्येक खळ्यात घाला आणि दोन ते चार तास थांबा. जिवंत जंतू निळ्याचं गुलाबी करतात. निळं राहिलेलं सगळ्यात कमी प्रमाणाचं खळं म्हणजे तुमची एमआयसी.

जंतू थांबला की मेला, हे पाहण्यासाठी रंग घालण्याआधी लागोपाठच्या खळ्यांतून १० मायक्रोलिटर अगारवर टाकून ठेवा. ५ लाखांपैकी ९९.९ टक्के मेले तर मिलिलिटरला ५०० उरतात, म्हणजे १० मायक्रोलिटरमध्ये ५. पाच किंवा कमी कॉलनी दिसल्या तर ते मारक प्रमाण. ओव्याच्या तेलाचं रोधक आणि मारक प्रमाण बहुधा जवळजवळ येतं, कारण पटल फाटलेली पेशी सावरत नाही.

आकडा हाती आल्यावर

थायमॉलयुक्त तेलांची एमआयसी स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलायवर मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर येते. तुमची ०.५ मिलिग्रॅम आली असं धरू. जेंटामायसिनची त्याच ई. कोलाय २५९२२ वर ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम येते. म्हणजे वजनाला वजन लावलं तर तेल निदान ५०० पट दुबळं. झोन मात्र मोठा होता! सुरुवातीला प्लेट घेऊन धावत आलेल्या मुलीला मी हाच भागाकार तिच्या स्वतःच्या वहीत करायला लावला होता.

यात ओव्याचा कमीपणा नाही. पोटात घ्यायचं प्रतिजैविक म्हणून ते नसेल, पण तोंड धुण्याच्या औषधात, धान्याच्या कोठीत, खाद्यपदार्थाच्या वेष्टनात, जिथे तेल थेट जंतूशी भिडतं किंवा वाफेने काम करतं, तिथे हे आकडे उपयोगाचे आहेत. लिस्टरिनमध्ये थायमॉल आजही असतं.

सगळा प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्या कल्चरने करा. एकाच प्लेटवरच्या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एमआयसीची सरासरी काढून '०.४२ अधिक-उणे ०.१४' असं लिहू नका. दुप्पट-दुप्पट पायऱ्यांमध्ये ०.४२ नावाचं खळंच नव्हतं. तीनदा काय आलं ते तसंच लिहा, आणि मधलं मूल्य द्या.

निष्कर्षात 'औषध म्हणून वापरता येईल' हे वाक्य घालू नका. न मिसळलेलं ओव्याचं तेल कातडी आणि तोंडाचं अस्तर भाजतं, आणि प्लेटवर चाललेलं शरीरात चालेलच असं नाही. कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर तुमच्या प्रबंधाचं वाक्य फिरेल आणि एखादी आई तेलाचा थेंब बाळाच्या जिभेवर ठेवेल. ही भीती मी बनवून सांगत नाही, तेल मागायला लोक विभागात येतात.

वापरलेल्या प्लेट, टिप आणि कल्चर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ३० मिनिटं, मगच जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत. उरलेल्या तेलाच्या कुपीवर तारीख, नमुना क्रमांक आणि 'वापरण्याआधी कोमट करून मिसळा' एवढं पेन्सिलने लिहून ठेवा, शाई थायमॉलच्या थेंबाने पुसते.